अठ्ठाविसावा फर्मा

३ नोव्हेंबर

ताई,

पुस्तकाची पाठ उकलली. आधी कापड, मग दोरा, कागदाला नख न लावता, तू शिकवली होतीस तशी. पुठ्ठा खुर्चीवर आहे, सोळा-सोळा पानांचे अठ्ठावीस फर्मे टेबलावर ओळीने मांडलेत आणि बोटांचा सरस या कागदालाही लागतोय. रागावू नकोस. तुमच्याच कारखान्यात बांधलेलं पुस्तक मी फाडलं.

कारण ऐक. 'उत्तरद्वार' कादंबरीचा सहावा खंड बाजारात जाऊन महिना झाला. या गोष्टीवर लोक इतकी वर्षं प्रकाशकाला पत्रं लिहितात, पण असा लोंढा मी पाहिला नव्हता. सकाळी नऊला टपालाचं पोतं सोडतो आणि सहाला उठतो तेव्हाही ते अर्धं भरलेलं असतं. माझ्यापुढे तीन ट्रे आहेत: स्तुती, तक्रार, बाकीचं. या वेळी तक्रार ओसंडून जमिनीवर आलीय. एक गवंडी विचारतो, 'द्वारपाल म्हाताऱ्याला शेवटी मारायचंच होतं, तर सहा खंड त्याला थंडीत दारावर उभं कशाला ठेवलंत?' एका ट्रकवाल्याने शेवट वाचून पुस्तक गाडीतून फेकलं. चार मैल पुढे गेला, मग गाडी वळवून ते शोधून आणलं. हे सगळं लिहून खाली विचारलंय, 'आता मी काय करू ते कळवा.'

पण त्यातच दुसऱ्या तऱ्हेची पत्रं निघतात. 'म्हातारा गेला नाही! डोळे मिटले आणि पुन्हा उठून दिवा हातात घेतला! मागची सोळा पानं तशीच्या तशी पुन्हा देऊन लेखकाने कमाल केली.' गणिताच्या एका निवृत्त मास्तरांनी तर चार पानं भरलीत. पानांचे आकडेही मागे जातात म्हणे, ४३२ नंतर ३८५, म्हणजे काळ गोल आहे. मला वाटलं, मास्तरांचं वय झालं. मग अशी नऊ पत्रं जमली. एका वाचनालयात दोन मित्रांची हातघाई झाली. एक म्हणतो मेला, दुसरा म्हणतो उठला, आणि दोघेही एकमेकांना म्हणतात, तू वाचलंच नाहीस.

मास्तरांनी लेखकाच्या सहीसाठी आपली प्रत पाठवली. तीच मी फाडली. त्यात अठ्ठाविसावा फर्मा नाहीच. त्याच्या जागी पंचविसावा दुसऱ्यांदा बसलाय. काळ गोलबिल काही नाही, फर्मा चुकलाय.

मला तर हसू आलं. तुला येतं का बघ. बाबा कसे आहेत? सहावा खंड त्यांना वाचून दाखवलास का?

छोट्या

९ नोव्हेंबर

छोट्या,

हसू आलं. हजारो प्रतींत एखादी अशी निघते. ती प्रत रद्दीत टाक आणि मास्तरांना चांगलंसं उत्तर लिही. त्यांना गोल काळ आवडलाय तर असू दे. कुणाचं काय बिघडलं? साहेबांपर्यंत हे नेऊ नकोस. नऊ पत्रं आली तशी थांबतील.

बाबांचा उजवा हात तसाच आहे. बोलणं आता मला आणि समोरच्या शिंपीकाकांनाच कळतं. मी कामावर असते तेव्हा काका शिवणकाम घेऊन त्यांच्यापाशी बसतात. डॉक्टरांनी पाय उंचावर ठेवायला सांगितलेत, ते ठेवले आहेत.

खंड वाचून झाला. शेवटची सोळा पानं मी रोज सकाळी कामावर निघण्याआधी पुन्हा वाचते. ऐकताना ते डोळे मिटून घेतात. एकतीस वर्षं धरणाचे दरवाजे उचलले आणि खाली सोडले त्यांनी, त्या म्हाताऱ्याचा जीव त्यांच्याइतका कुणाला कळणार? पाचवा खंड संपला तेव्हा विचारलं होतं, 'म्हातारा राहतो ना गं?' आता विचारत नाहीत. समाधान झालंय त्यांचं.

तू वेगळा खंड पाठवू नकोस. आम्हाला कारखान्यातून एकेक प्रत मिळते.

प्रत रद्दीत टाकलीस की कळव.

ताई

१४ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र यायच्या आधीच मी साहेबांना सांगून बसलो होतो. आता तेवीस पत्रं झालीत, लपणार कशी?

पण गंमत ऐक, तुझीच विद्या कामी आली. तू सांगायचीस ना, जो फर्मे क्रमाने उचलून प्रत जुळवतो तो शेवटच्या फर्म्याच्या घडीवर पेन्सिलीने आपला नंबर घालतो, आणि मग तो शिलाईखाली कायमचा दडतो? मला ते आठवलं. भिंग घेतलं. अकरा. साहेबांनी आणखी तीन वाचकांच्या प्रती मागवल्या. तिन्ही उकलल्या. तिन्हींत अकरा. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, 'अरे, पाकिटं फोडणाऱ्याला डोकंही आहे की!' सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला बसायला सांगितलं.

मग तुमच्या कारखान्यात फोन झाला. तिथल्या वहीत त्या दिवशी अकरा नंबरच्या नावावर एकशे साठ प्रती निघाल्या. छापखानेवाला वेगळाच भडकलाय. म्हणतो, 'पंचविसावा एकशे साठ कमी पडला म्हणून माझ्यावर बोट दाखवून पुन्हा छापून घेतलात. मग अठ्ठाविसावे एकशे साठ उरायला हवेत. ते कुठायत? उडाले?' छपाईच्या प्लेटा त्याने पुसून टाकल्यात, पुन्हा छापता येणार नाही. साहेबांना मात्र ते अठ्ठाविसावे हवेतच. त्या प्रती जिथे जिथे विकल्या गेल्या तिथल्या वाचकांना एकेक फर्मा आणि सोबत माझं पत्र, असं ठरलंय.

तुझा नंबर चार, हे मला पाठ आहे, म्हणून मी निर्धास्त होतो. अकरा कोण गं? नवीन कुणी?

छोट्या

१७ नोव्हेंबर

छोट्या,

अकरा म्हणजे मावशी. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या. त्यांनी मला फर्मे उचलायला शिकवलं, आणि पुस्तक न फाडता उकलायचं कसं ते मी तुला शिकवलं तेही त्यांचंच. आई गेली तेव्हा महिनाभर त्यांच्या घरून आपल्याला डबा यायचा. तू त्यांना डबेवाल्या मावशी म्हणायचास.

काल फोरमनने त्यांना मधोमध उभं केलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं. महिना वाचला. तारखा वाचता आल्या नाहीत.

'म्हणजे मोठं तेवढंच दिसतं का मावशी?' एक जण हसला.

मावशी म्हणाल्या, 'फर्मा डोळ्यांनी उचलत नाहीत रे. जागेने उचलतात. अठ्ठाविसाव्या जागेवर जे होतं ते मी उचललं.'

'मग जागा काय चालत गेली?'

त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणाले. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं त्यांचं. मावशींनी एप्रन काढला, घडी केली, पुन्हा उलगडला, पुन्हा घडी केली. माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, 'तू सांग गं. पंचवीस आणि अठ्ठावीस मला ओळखू नसते का आले?' मी दोऱ्याचं रीळ शोधत राहिले.

छोट्या, साहेबांना सांग, आकडा नीट दिसला नव्हता. अकरा नव्हे, सतरा असेल. सतरा नंबर आमच्याकडे कुणाचाच नाही, कुणाचं काही जाणार नाही. सरस लागला होता म्हण, घडी फाटली म्हण, काहीही म्हण, पण सांग. तुझ्या पाया पडते.

ताई

२० नोव्हेंबर

ताई,

तू माझ्या पाया पडतेस? मला ते पुन्हा वाचवेना. कागद घडी करून खिशात ठेवला आणि तासभर दुसऱ्यांची पत्रं फोडत बसलो.

मग साहेबांकडे गेलो. म्हटलं, कदाचित सतरा असेल. त्यांनी खणातून चारही घड्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. 'वाच.' मी वाचलं. चार वेळा अकरा. बसायला सांगितलं नाही.

डबेवाल्या मावशी. मला तो नुसता आकडा वाटला होता गं. भिंगातून पाहिला तेव्हा आनंद झाला होता मला.

आता एकच विचारतो. जागा चालत जात नाही. तिथे पंचविसाव्याची थप्पी कुणीतरी ठेवली. कुणी ते तुला माहीत आहे का? असेल तर लिही, मावशी सुटतील. नसेल तर मला असलं पत्र पुन्हा लिहू नकोस. मला झोप लागत नाही.

फर्मे अजून सापडले नाहीत, तरी इकडे माझ्यासमोर पाकिटांचा ढीग आहे. साहेबांनी वाक्य दिलंय: 'सोबत सोळा पानं पाठवत आहोत, कृपया शेवटी चिकटवून घ्यावीत.' एका बाईंचं पत्र वर ठेवलंय. त्यांचा नवरा खंड अर्ध्यावर सोडून गेला. उरलेला त्यांनी त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून मोठ्याने वाचला. 'म्हातारा उठला तेव्हा मी एकटीने टाळ्या वाजवल्या.' यांना मी काय लिहू? कृपया चिकटवून घ्यावीत?

लेखक सोमवारी कचेरीत आला होता. मी बाबांसाठी त्याची सही घेतली, चांगली प्रत होती, फर्मे मोजून पाहिले. तू नको म्हणाली होतीस तरी त्याच दिवशी पार्सल केलं. कारखान्याची प्रत वेगळी आणि सही वेगळी.

छोट्या

२३ नोव्हेंबर

छोट्या,

तुझं पार्सल तुझ्या पत्राच्या एक दिवस आधी पोचलं. मी कामावर होते. शिंपीकाकांनी ते फोडलं, बाबांना सही दाखवली आणि बाबांनी त्यांना शेवटचं प्रकरण वाचायला लावलं.

ते पुढे सांगते. आधी तू विचारलंस ते.

मी ठेवली. पंचविसाव्याची थप्पी अठ्ठाविसाव्याच्या जागेवर मी ठेवली.

आम्ही पुस्तक वाचत नाही, छोट्या. टेबलाभोवती फिरताना प्रत्येक फर्म्याची पहिली ओळ तेवढी दिसते, आणि उलटा पडला तर शेवटची. दिवसाला शेकडो वेळा तीच. मला सहाव्या खंडाच्या कडा पाठ झाल्या होत्या. सत्ताविसावा संपतो तो 'म्हाताऱ्याने डोळे मिटले, एक श्वास घेतला आणि' इथे. अठ्ठाविसावा सुरू होतो, 'त्याचा हात अडसरावरून घसरला.' पहिल्याच दिवशी कळलं की तो जातो. बाबांना तेव्हा झटका येऊन तीन आठवडे झाले होते. पडल्या पडल्या विचारायचे, सहावा कधी येतोय, म्हातारा राहतो ना. मी फिरत होते आणि मनात दोन ओळी एकमेकींना लागल्या. पंचविसावा सुरू होतो, 'उठून त्याने दिवा हातात घेतला.' 'एक श्वास घेतला आणि उठून त्याने दिवा हातात घेतला.' संपतोही पूर्णविरामावर: 'दार त्याने उघडंच ठेवलं.' मला वाटलं, हे माझ्यासाठीच असं छापलंय.

एकच प्रत करायची होती. जेवणाच्या सुटीत सगळे बाहेर गेले तेव्हा अठ्ठाविसाव्याची थप्पी मी टेबलाखाली ठेवली आणि तिथे पुढच्या प्रतींसाठीची पंचविसाव्याची थप्पी लावली. हात नेहमीसारखा फिरला पाहिजे, नाहीतर मला जमलं नसतं. पहिला फर्मा हातात घेतला आणि फाटकावरून हाक आली. शिंपीकाका होते. बाबा खाटेवरून पडले होते. मी तशीच धावले.

काम थांबू नये म्हणून मावशींनी माझं टेबल घेतलं. मला सांभाळून घ्यायला घेतलं. संध्याकाळपर्यंत एकशे साठ उचलले आणि प्रत्येकावर आपला अकरा घातला.

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा शिलाई होऊन पुठ्ठे चढत होते. तेव्हा बोलले असते तर? रोज हाच विचार करते. बाबांना उचलून परत निजवल्याला एक रात्र झाली होती, इथे दुसरा कारखाना नाही, आणि मला वाटलं, एखाद्याच्या लक्षातही येणार नाही. टेबलाखालचे फर्मे डब्याच्या पिशवीतून घरी आणले. रोज वीस, आठ दिवस. कुठे ठेवणार? डॉक्टरांनी पाय उंचावर ठेवायला सांगितलं होतं. ते सगळे बाबांच्या गादीखाली पायाशी आहेत. त्यांच्यावर पाय ठेवून बाबा दोन महिने निजलेत.

तुझ्या प्रत्येक पत्राला मला हे लिहायचं होतं. त्याऐवजी मी तुला सतरा म्हणायला सांगितलं.

परवा मावशींकडे गेले होते. सांगायला गेले होते. त्यांनी जुनी वर्तमानपत्रं फर्म्यांसारखी घडी घालून टेबलावर मांडली होती आणि डोळे मिटून फिरत होत्या. 'बघ, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. चूक काढून दाखव.' मी चूक काढली नाही. चहा पिऊन आले.

आता बाबांचं. घरी शिरले तर खाटेवर पुस्तक मिटून ठेवलेलं आणि शिंपीकाका दोरा ओवत बसलेले. मला पाहताच उठले. 'मला काय ठाऊक, तू दुसरंच वाचत होतीस ते,' असं काहीतरी पुटपुटले आणि गेले.

बाबा म्हणाले, 'गेला तो.'

'कोण?'

'म्हातारा. शिंप्याने वाचलं. अडखळतो फार. पण आहे तेच वाचतो.'

मी उभीच होते. मला वाटलं, आता रडतील, आता काहीतरी होईल त्यांना. एकेक शब्द जुळवत होते.

'बरं झालं,' म्हणाले. 'तू रोज सकाळी उठवत होतीस त्याला. उठवायचीस आणि डबा घेऊन निघून जायचीस. मग दिवसभर तो दिवा धरून उभा. कोण सोडवणार त्याला?'

'बाबा, मला वाटलं तुम्हाला आवडतं.'

'तुला आवडतं म्हणून ऐकत होतो.'

मग मी खाटेच्या कडेला बसून त्यांना सगळं सांगितलं, तुला सांगितलं तेच, मावशींसकट. संपल्यावर म्हणाले, 'धरणावर दरवाजा कुणी हलवला ते त्याच पाळीत वहीत लिहायचं. तू दोन महिने उशीर केलास.'

'नोकरी जाईल बाबा.'

'जाईल.'

'मग आपण काय करायचं?'

याचं उत्तर तू लिहून पाठवू नकोस. त्यांनी डाव्या हाताने गादी थोपटली. 'काढ ते पायाखालून.'

'पाय खाली येतील.'

'उशी ठेव.'

काढले. वरचे थोडे दबलेत, घामाचा वास आहे, पण अक्षर साफ आहे. चिकटवता येतील. त्या बाईंना साहेबांचं वाक्य पाठवू नकोस. तुला जे सुचेल ते लिही, पण फर्मा पाठव. शेवट दडवणं माझ्या हातून झालंच आहे.

ताई

२४ नोव्हेंबर

सकाळी आठला पोस्टात तुझ्या नावाने गठ्ठा दिला. एकशे एकोणसाठ आहेत. एक ठेवून घेतला आणि बाबांच्या पहिल्या प्रतीला चिकटवला.

साडेआठला फोरमनच्या खोलीत गेले. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि बाहेर येऊन कामगारांच्या नंबरांच्या पाटीवरचा माझा चार पुसला. मावशींचा अकरा अजून परत लिहिलेला नाही. मालकांना विचारतो म्हणाला.

तिथून मावशींकडे गेले. दारातच सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं.

घरी आले तेव्हा बाबा जागे होते. पाय उशीवर होते. आज काही वाचलं नाही.